आभाळातली गवाही



झरी-जामणी तालुक्याच्या दक्षिण कडेने पैनगंगा वाहते. अलीकडे आपला यवतमाळ जिल्हा, पलीकडे तेलंगणातला आदिलाबाद. मुकुटबन हे या तालुक्यातले बाजाराचे गाव. वणीकडून आदिलाबादला जाणारी रेल्वे इथून जाते. परिसरातल्या कोळशाच्या खाणी आणि २०२२ साली सुरू झालेला सिमेंट कारखाना यांमुळे गावाचे नाव आता बाहेरही ऐकू येते. पण बहुतेक घरांचा वर्षाचा हिशेब अजून पऱ्हाटी, तूर आणि सोयाबीन यांवरच बसतो. लग्न काढायचे ते कापूस विकल्यावर, मुलीची कॉलेजची फी भरायची तीही कापूस विकल्यावर.

अशा मुलखात नदी चढली, नाले उलटे वाहू लागले आणि काठावरच्या वावरांत पाणी शिरले, की दोन संकटे येतात. पहिले पाण्याचे. दुसरे पाणी ओसरल्यावर सुरू होते, ते म्हणजे पंचनाम्याचे. तलाठी (आता कागदोपत्री ग्राम महसूल अधिकारी) आणि कृषी सहायक यांच्याकडे गावे अनेक, हात दोन. ते वावरात पोहोचेपर्यंत चिखल वाळलेला असतो. शेतकरी म्हणतो, तीन दिवस पाणी कमरेएवढे होते. शेजारी म्हणतो, खरे आहे. पण शेजाऱ्याचेही नुकसान झालेले असते, म्हणून त्याची साक्ष कच्ची धरली जाते. सरकारी व्याख्येत २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला तर ती अतिवृष्टी, आणि ही नोंद महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकावरची. पाऊस मात्र मंडळाच्या सीमा पाळत नाही. मापकावर चाळीस पडतो आणि आठ किलोमीटरवरच्या नाल्यावर शंभर. मग साक्षीदार आणायचा कुठून?

एक साक्षीदार असतो. तो जमिनीपासून सुमारे ७०० किलोमीटर उंचीवरून जातो आणि त्याला कुणाच्या नुकसानभरपाईत वाटा नसतो. युरोपचा सेंटिनेल-१ हा उपग्रह आपल्या भागावरून जातो तो बहुधा सकाळी सहाच्या सुमारास, म्हणजे फजरची नमाज आटोपून माणसे घरी परतत असतात तेव्हा. त्याच्यावर कॅमेरा नाही, रडार आहे. तो स्वतः लहरी सोडतो आणि परत येणारी लहर टिपतो, म्हणून त्याला अंधार आणि ढग यांचे काही वाटत नाही. साचलेले पाणी आरशासारखे असते, ते लहर भलतीकडे फेकून देते. म्हणून चित्रात पाण्याची जागा काळी दिसते. श्रावणातल्या गच्च आभाळाखालीही पुराचा काळा पट्टा त्यात उमटतो. आणि हे चित्र जगातल्या कुणालाही फुकट मिळते, आदिलाबादच्या शेतकऱ्याला, मुकुटबनच्या शिक्षकाला, ब्राझीलच्या विद्यार्थ्याला. पैसे युरोपातल्या करदात्यांनी भरले आहेत.

एवढे ऐकून कुणी म्हणेल, मग प्रश्नच मिटला. मिटला नाही. एकच उपग्रह असेल तर तो तेच चित्र त्याच वाटेने पुन्हा घ्यायला १२ दिवसांनी येतो. पैनगंगेचा पूर दोन दिवसांत येतो आणि जातो. साक्षीदार सोमवारी येऊन गेला आणि पूर बुधवारी आला, तर साक्ष शून्य. म्हणूनच या विषयात एकट्या देशाचे काही चालत नाही. युरोपचा उपग्रह सोमवारी, भारताचा ईओएस-०४ (फेब्रुवारी २०२२ मध्ये सोडलेला, तोही रडारवाला) बुधवारी, कॅनडाचा शुक्रवारी, असे सगळ्यांचे तुकडे एका ठिकाणी जमले तरच आठवड्याचे चित्र पूर्ण होते. हे वार उदाहरणादाखल घेतले आहेत, पण हिशेब असाच आहे. प्रत्येकाकडे फटींनी भरलेली चाळणी आहे. चार चाळण्या एकावर एक ठेवल्या तर फटी बुजतात.

आपल्या घरांत हे समजावून सांगायला फार लांब जावे लागत नाही. रमजानची २९ तारीख आठवा. आपल्या गावावर ढग असतात, गच्चीवर चढलेली मुले खाली येतात, आणि मग फोन सुरू होतात. वणीला दिसला का? नागपूरला? हैदराबादला? रुयत-ए-हिलाल कमिटी गवाही तपासते: पाहणारा कोण, विश्वासाचा आहे का, नेमके काय पाहिले, किती वाजता. मग रात्रीच निर्णय होतो आणि लाखो घरांत शीरखुर्म्यासाठी दूध आटवायला ठेवले जाते. ज्याने चांद पाहिला त्याने तो स्वतःजवळ ठेवायचा नसतो आणि त्याचे पैसेही मागायचे नसतात. पाहिलेले सांगणे ही जबाबदारी, आणि सांगितलेले तपासून घेणे हीसुद्धा जबाबदारी. उपग्रहांच्या बाबतीत देशांनी जे करार केले, त्यांचा गाभा याहून फार वेगळा नाही.

पण हे करार सहज झाले नाहीत. अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह २३ जुलै १९७२ रोजी वर गेला. पुढे ऐंशीच्या दशकात तिथल्या सरकारने चित्रे विकण्याचे काम खाजगी कंपनीकडे दिले आणि एकेका चित्राची किंमत चार हजार डॉलरांच्या पुढे गेली. परिणाम असा की चित्रे काढली जात होती, पण पाहणारे कमी झाले. गरीब देशातला संशोधक आपल्याच देशाचे चित्र पाहू शकत नव्हता. २००८ साली अमेरिकेने सगळी चित्रे, जुनीसुद्धा, मोफत केली. आधी वर्षाला काही हजार चित्रे जात होती, ती लाखांत जाऊ लागली. युरोपने आपला कोपर्निकस कार्यक्रम मोफतच ठेवला. मार्च २०१८ मध्ये भारताने युरोपशी अशी देवघेव करण्याचा करार केला, आणि २०२३ च्या अंतराळ धोरणात आपल्या सरकारने ५ मीटर किंवा त्याहून ढोबळ चित्रे खुली व मोफत देण्याचे ठरवले. याआधी २००५ पासून जिनिव्हात कार्यालय असलेला देशांचा एक गट याच कामाला लागला आहे. भारत त्याचा सदस्य आहे. नाव 'ग्रुप ऑन अर्थ ऑब्झर्व्हेशन्स'. लक्षात ठेवलेच पाहिजे असे नाही.

लक्षात ठेवावी अशी गोष्ट दुसरी आहे. १९९९ साली युरोपची आणि फ्रान्सची अंतराळ संस्था यांनी ठरवले की कुठेही मोठे संकट आले तर आपापल्या उपग्रहांची चित्रे त्या देशाला विनामूल्य द्यायची. या सनदेत भारताची इस्रो २००१ मध्ये सामील झाली, २००७ मध्ये चीनही आला. २००४ ची त्सुनामी, २०१० चा पाकिस्तानातला पूर, २०१८ चा केरळचा पूर, २०२३ चा तुर्कस्तान-सीरियातला भूकंप, अशा वेळी ही सनद कामी आली. जे देश एरवी सीमेवर एकमेकांकडे डोळे वटारून पाहतात, त्यांचे उपग्रह त्या दिवशी एकाच ढिगाऱ्याकडे बघत असतात.

हे फार गोड वाटते, म्हणून कडू बाजूही सांगतो. ज्याच्याकडे माहिती असते तो ती कधीही रोखू शकतो. २०१७ मध्ये डोकलामचा तणाव होता त्या पावसाळ्यात चीनने ब्रह्मपुत्रेच्या पाण्याची आकडेवारी भारताला दिली नाही. पुढच्या वर्षी ती पुन्हा सुरू झाली. आसामच्या काठावरच्या माणसाचा डोकलामशी काय संबंध होता? उलट बाजूचे उदाहरण ऑगस्ट २०२५ चे. सिंधू पाणी करार भारताने त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्थगित केलेला होता, तरी तवी नदीला पूर येतोय असे कळल्यावर इस्लामाबादमधल्या आपल्या उच्चायुक्तालयामार्फत पाकिस्तानला इशारा दिला गेला. शेजाऱ्याचा हक्क आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. भांडण असलेला शेजारी त्या हक्कातून वगळलेला नाही.

आणि माहिती रोखायला शत्रुत्वच लागते असेही नाही. इथिओपियाच्या दुष्काळानंतर १९८५ मध्ये अमेरिकेने भुकेची आगाऊ सूचना देणारी 'फ्यूज नेट' ही यंत्रणा उभारली. पाऊस, पीक आणि बाजारभाव बघून ती सुदान, सोमालिया, येमेन अशा ठिकाणी उपासमार कुठे येऊ घातली आहे ते काही महिने आधी सांगते. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या सरकारने परदेशी मदत थांबवली आणि ही यंत्रणा काही महिने बंद पडली. सुदानमध्ये दुष्काळ जाहीर झालेला असताना. एका देशाच्या तिजोरीवर सगळ्या जगाचे डोळे टांगून ठेवले की असे होते.

उपग्रहाची साक्ष किती मोलाची असते हे पाहायचे तर गाझाकडे पाहा. बाहेरच्या पत्रकारांना आत जाऊ दिले जात नव्हते, तेव्हा संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि 'युनोसॅट' केंद्र वरून मोजत होते. एप्रिल २०२५ च्या चित्रांवरून त्यांनी सांगितले की गाझातल्या शेतजमिनीपैकी पाच टक्क्यांहूनही कमी जमीन लागवडीसाठी उरली आहे. ऑलिव्हच्या बागा, विहिरी, काचघरे, सगळ्याची मोजदाद. त्याने बॉम्ब थांबले नाहीत, हे खरे. पण उद्या कुणी म्हणाले की असे काही झालेच नाही, तर तारखेनिशी कागद हजर आहे.

आता परत मुकुटबनला येऊ, कारण माझा मुद्दा तिथे आहे. जगातले देश जमतात, करार होतात, चित्र फुकट मिळते. ते हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रात येते, नागपूरला राज्याच्या सुदूर संवेदन केंद्रात येते. मोठ्या पुराच्या वेळी हैदराबादचे केंद्र पुराचे नकाशे काढून आपल्या 'भुवन' संकेतस्थळावर ठेवतेसुद्धा. म्हणजे पॅरिस ते नागपूर हा रस्ता तयार आहे. अडते ते नागपूर ते मुकुटबन. नकाशा इंग्रजीत असतो, जिल्ह्याच्या मापाचा असतो, त्यावर गट नंबर नसतो. पंचनाम्याला आलेल्या माणसाच्या हातात तो नसतो आणि ग्रामपंचायतीच्या फलकावरही लागत नाही. सात समुद्र ओलांडून आलेला साक्षीदार कोर्टाच्या दारापर्यंत येतो आणि त्याला आत बोलावलेच जात नाही.

माझ्या मते ग्रामसभेने यासाठी ठराव करायला हवा. मागणी साधी आहे: पूर आला की पाण्याखाली गेलेल्या क्षेत्राचा नकाशा, मराठीत, गावाच्या हद्दी आणि गट नंबरांसह, पंचनामा सुरू होण्याआधी तहसील कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत लावावा. त्यासाठी नवा उपग्रह नको आणि नवा करारही नको. गट नंबरांचे नकाशे राज्याकडे आहेत, पुराचे चित्र आहे, एकावर एक ठेवायचे आहेत.

हे मागताना साक्षीदाराचे दोषही माहीत हवेत, नाहीतर उद्या तोच आपल्यावर उलटेल. सेंटिनेल-२ या साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाचा एक ठिपका १० मीटर लांब, १० मीटर रुंद असतो. एका एकरात असे साधारण चाळीस ठिपके बसतात. आपल्याकडे पऱ्हाटीच्या काही ओळींमागे तुरीची ओळ असते; एकाच ठिपक्यात दोन्ही पिके मिसळतात. दुष्काळाच्या कामात वापरली जाणारी काही चित्रे तर २५० मीटरच्या ठिपक्याची असतात, म्हणजे एका ठिपक्यात पंधरा एकर. त्यात गरिबाचे दोन एकर कुठे दिसणार? गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत बसते. २०१७ साली तिने विदर्भाची पऱ्हाटी खाल्ली तेव्हाही वरून बघणाऱ्याला शेत हिरवेच दिसले असते. सोयाबीन पिवळे पडले ते पिकून की मोझॅक रोगाने, हेही सातशे किलोमीटरवरून ओळखणे सोपे नाही. कापणीच्या वेळी पावसात भिजून शेंगेतच दाण्याला कोंब फुटले, तर वरून काहीच कळत नाही.

म्हणूनच २०२३ च्या खरिपापासून केंद्र सरकारने पीकविम्यात 'येस-टेक' नावाने उपग्रहाच्या अंदाजाला भात आणि गहू या पिकांत किमान ३० टक्के वजन द्यायला सुरुवात केली, तेव्हा बाकीचे वजन पीक कापणी प्रयोगालाच राहिले. हे बरोबरच झाले. कापसात तर घाई करूच नये. शेतात जाऊन वजन करणाऱ्या माणसाच्या जागी उपग्रह आणला तर कंपनीचा खर्च वाचेल, शेतकऱ्याचे काय वाचेल ते मला दिसत नाही. पुराच्या पाण्याबाबत मात्र मी उपग्रहाची बाजू घेईन, कारण पाणी आहे की नाही एवढाच तिथे प्रश्न असतो.

त्यातही एक अडचण आहे, आणि ती कापसाचीच. उभ्या पऱ्हाटीखाली पाणी असेल तर सेंटिनेलच्या रडारची साडेपाच सेंटिमीटरची लहर वरच्या पानांवरच अडते. इथे नवा उपग्रह कामाला येईल. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून 'निसार' वर गेला, अमेरिकेची नासा आणि भारताची इस्रो यांनी मिळून बांधलेला. त्याच्यावर दोन रडार आहेत. नासाच्या रडारची लहर २४ सेंटिमीटर लांब, ती पानांतून खाली जाते आणि खालचे पाणी व मातीतली ओल यांची खबर आणते. इस्रोची लहर सुमारे दहा सेंटिमीटरची. दर १२ दिवसांत तो जवळपास सगळी जमीन दोनदा टिपतो, आणि माहिती मोफत देण्याचे दोन्ही देशांनी आधीच ठरवले आहे. जमीन काही सेंटिमीटर खचली तरी त्याला कळते. खाणींच्या मुलखात राहणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

भावाच्या बाबतीतही ही देवघेव आपल्यापर्यंत येते. धान्याचे भाव जगभर भडकल्यावर २०११ मध्ये जी-२० देशांच्या कृषिमंत्र्यांनी गहू, मका, तांदूळ आणि सोयाबीन या चार पिकांवर उपग्रहाने नजर ठेवून दर महिन्याला स्थिती जाहीर करायचे ठरवले. ब्राझीलमध्ये सोयाबीन कसे आहे हे बड्या व्यापाऱ्यांना नेहमीच कळत होते. आता ते सगळ्यांसाठी छापले जाते. वणीच्या बाजारात सोयाबीन न्यायचे की थांबायचे, हे ठरवताना त्याचा उपयोग होऊ शकतो. कापूस मात्र त्या चार पिकांत नाही.

इतिहासाची आवड असलेल्यांसाठी एक गोष्ट. बाराव्या शतकात सिसिलीचा ख्रिस्ती राजा रॉजर दुसरा याने अल-इद्रीसी या मुस्लिम भूगोलज्ञाला दरबारी बोलावले. देशोदेशीच्या प्रवाशांना विचारायचे, त्यांची उत्तरे एकमेकांशी ताडायची, जुळतील ती ठेवायची, असे वर्षानुवर्षे करून ११५४ मध्ये जगाचा नकाशा तयार झाला. त्यात दक्षिण वर होती. आपल्या पूर्वजांनी सगळे आधीच शोधून ठेवले होते असे म्हणायला मी हे सांगत नाही. त्या बढाईने आपले फार नुकसान केले आहे. सांगायचे ते ताडून पाहण्याबद्दल. उपग्रहाचे चित्रही जमिनीवरच्या नोंदीशी ताडले नाही तर आंधळेच राहते.

आणि ती नोंद आपण करतो. २०२१ पासून राज्यात 'ई-पीक पाहणी' आहे. शेतकऱ्याने वावरात उभे राहून पिकाचा फोटो आणि नोंद मोबाईलवरून टाकायची. पुष्कळ घरांत हे काम भाच्याला नाहीतर सेतू केंद्रातल्या पोराला सांगितले जाते आणि तो बसल्या जागी मागच्या वर्षीचेच पीक टाकतो. कापसाच्या जागी सोयाबीन गेले तर नुकसानीच्या वेळी अर्ज अडतो, एवढेच आपल्याला माहीत असते. पण अशा नोंदींवरूनच उपग्रहाला कापूस कसा दिसतो ते शिकवायचे असते. आपण जिनिव्हाला गेलो नाही तरी या कामात आपला वाटा एवढा आहे, आणि खोटी गवाही इथेही खोटीच.

घरात अकरावी-बारावीला मुलगा किंवा मुलगी असेल तर एक काम द्या. संगणकावर किंवा मोबाईलवर 'कोपर्निकस ब्राउझर' उघडायचे. बघायला पैसे पडत नाहीत. सेंटिनेल-२ निवडून ढग नसलेली तारीख घ्यायची, ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली मिळते. 'फॉल्स कलर' लावले की जिवंत पीक लाल दिसते, उघडी जमीन करडी, पाणी काळे. मग तोच तुकडा पाच वर्षांपूर्वीच्या त्याच महिन्यात पाहायचा. जंगल कुठे कमी झाले, खाणीचा खड्डा कुठवर आला, नाल्याने धुरा कुठे खाल्ला, ते अब्बांना दाखवायचे आणि अब्बांनी जमिनीवरचे खरे काय ते सांगायचे. आपले वावर लगेच सापडले नाही तर आधी पैनगंगा शोधा, मग तिच्या उत्तरेला रेल्वेची रेघ आणि मुकुटबनचे स्टेशन. तिथून पुढची वाट घरातल्या कुणालाही पाठ असेल.